गुडघा म्हणजे बेअरिंग नव्हे

आई जिना आडवी उतरायला लागली हे माझ्या लक्षात यायला किती दिवस गेले कुणास ठाऊक. दोन्ही हात कठड्यावर, तोंड भिंतीकडं, आधी उजवा पाय खाली, मग डावा त्याच्या शेजारी, जरा दम, मग पुढची पायरी. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर, जिना लाकडी आणि उभा, सोळा पायऱ्या. याच जिन्यावरनं ती एका हातात कळशी आणि कडेवर मी अशी दिवसातनं धा वेळा चढायची हे मी लहानपणापासनं ऐकत आलोय. गेल्या नवरात्रात पहिल्या माळेला सकाळी ती म्हणाली, "तुमी जाऊन या अंबाबाईला, मी घरातनंच हात जोडते." नवरात्रात देवळात गेली नाही असं लग्न होऊन आल्यापासनं एकदाही झालं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की हे नुसतं 'वय झालं' नाही.

मग जे सगळे करतात ते केलं. एक्सरे, एमआरआय, फाईल. आईचं वय अडुसष्ट. रिपोर्टात उजव्या गुडघ्याची झीज लिहिलेली आणि खाली मीडियल मेनिस्कस टिअर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते अगदी मनापासनं सांगितलं, त्यात खोट नव्हती: "मावशी, आतली गादी फाटलीय. दुर्बिणीतनं करू, दोन बारकी भोकं, फाटलेला भाग कापून काढायचा, आत जो कचरा झालाय तो पाण्यानं धुवून काढायचा, दुसऱ्या दिवशी घरी." दिवाळीनंतरची तारीख ठरली, पॅकेज ठरलं, मेडिक्लेमचे कागद मागितले.

मला ते सगळं तिथंच पटलं. का पटलं ते सांगतो, कारण माझ्या मते सगळा घोळ इथंच आहे. उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, बावीस वर्षं मी हेच करतोय. जॉबला बर राहिला, म्हणजे कापलेल्या कडेला धातूची कूस राहिली, की ती घासून काढायची. बेअरिंगमध्ये भुगा गेला की आवाज येतो, गरम होतं, खोलून रॉकेलनं धुवायचं, ग्रीस भरायचं, परत गप चालतं. आईच्या गुडघ्यातनं उठताना कर्र कर्र आवाज यायचा तो मला शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. आवाज आहे, फोटोत फाटलेलं दिसतंय, कापून धुवून काढणार आहेत. आणखी काय पाहिजे? बावीस वर्षांचा अनुभव मला सांगत होता की हेच बरोबर आहे.

शिवाय आत्याचं उदाहरण घरात होतं. तिचं दोन वर्षांपूर्वी असंच दुर्बिणीतनं झालेलं. तिसऱ्या आठवड्यात बाई पंचगंगेच्या घाटावर जाऊन आली आणि सगळ्या भाऊबंदांत फोन करून सांगितलं, की गुडघा एकदम कापसासारखा झाला. आत्या आता परत काठी घेऊन चालते. पण या दोन गोष्टी आमच्यापैकी कुणी कधी एकाशेजारी एक ठेवून बघितल्याच नाहीत, मी पण नाही.

तारखेच्या आधी दहा-बारा दिवस माझ्या शाळेतल्या मित्राचा फोन आला, तो दुसऱ्या गावात हाडांचा डॉक्टर आहे, फोन भलत्याच कामाचा होता आणि मी बोलता बोलता आईचं सांगितलं. त्यानं दोनच प्रश्न विचारले. काकूंचा गुडघा मधेच अडकून बसतो का, म्हणजे सरळच होत नाही असं? म्हटलं नाही. पडल्या होत्या का, मुरगळला वगैरे? म्हटलं नाही, हळूहळू वाढलंय. मग तो म्हणाला, "थांब जरा. घाई काय नाही. मी काय पाठवतो ते वाच आणि मग ठरवा."

ते वाचताना मला दोन रात्री नीट झोप आली नाही. ज्या गोष्टीवर मी डोळे झाकून सही करणार होतो तिच्यावर एवढं काम होऊन गेलंय आणि आमच्यापर्यंत त्यातलं अक्षर पोचलं नव्हतं, त्याचा त्रास झाला.

अमेरिकेत ह्यूस्टनला ब्रूस मोझली नावाच्या सर्जननं एक अभ्यास केला, तो 2002 साली छापून आला. गुडघ्याची झीज असलेले 180 लोक, सैन्यातनं निवृत्त झालेले, बहुतेक पुरुष. चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतनं आत जाऊन घासून-कापून साफ केला, दुसऱ्याचा नुसता पाण्यानं धुतला, आणि तिसऱ्या गटाला गुंगी देऊन गुडघ्यावर कातडीला तीन चिरा दिल्या, सर्जननं हत्यारं मागितली, पाय हलवला, पाण्याचा आवाज केला, टाके घातले, आणि आत काहीच केलं नाही. आपल्याला असं खोटं ऑपरेशन मिळू शकतं हे त्या माणसांना आधी सांगितलेलं होतं, त्यांनी तसं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं, फक्त आपण कुठल्या गटात हे त्यांना माहीत नव्हतं. मग दोन वर्षं त्यांच्याकडं लक्ष ठेवलं, दुखणं किती, चालता किती येतं, जिना कसा चढता. तिन्ही गट सारखेच. ज्यांचा गुडघा साफ केला ते कुठल्याच टप्प्यावर, ज्यांच्या नुसत्या कातडीला टाके होते त्यांच्या पुढं गेले नाहीत.

मी ते परत परत वाचलं. माझ्या डोक्यात सारखं तेच, की भुगा काढला आणि भुगा तसाच ठेवला, दोन्ही बेअरिंग सारखीच चालतात असं कसं होईल?

मला वाटलं एखादा अभ्यास चुकला असेल, तेव्हा तिथल्या पण पुष्कळ डॉक्टरांना तसंच वाटलं होतं. म्हणून कॅनडात परत केला, 178 लोक, 2008 साली छापला, एका गटाला ऑपरेशन आणि व्यायाम-औषधं, दुसऱ्याला नुसतं व्यायाम-औषधं, दोन वर्षांनी फरक नाही. मग प्रश्न आला की झीज असलेल्यांचं जाऊ दे, पण ज्यांची नुसती गादी फाटलीय त्यांचं काय, कारण आईच्या कागदावर तेच तर कारण लिहिलेलं. ते फिनलंडमध्ये बघितलं, 2013 ला छापलं. 35 ते 65 वयाचे 146 लोक, झीज नाही पण वयानं मेनिस्कस फाटलेला. अर्ध्यांचा फाटका भाग कापला, अर्ध्यांचं खोटं ऑपरेशन. वर्षानं दोन्ही गट सारखेच बरे. आणि एक गोष्ट मला तिथं हलवून गेली, की परत वेळ आली तर हेच ऑपरेशन करून घ्याल का असं विचारल्यावर दोन्ही गटांतल्या दहातल्या नऊहून जास्त लोकांनी हो म्हटलं. ज्यांच्या गुडघ्यातलं काही कापलंच नव्हतं त्यांनी पण.

म्हणजे आत्या खोटं बोलत नव्हती. तिला खरंच बरं वाटलं होतं. त्या फिनलंडच्या माणसांनाही वाटलं होतं.

आणि फाटलेल्या गादीचं म्हणाल तर अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात 50 ते 90 वयाच्या 991 लोकांचा एमआरआय काढला होता, 2008 ला आलं ते. गुडघा दुखतो म्हणून नाही, सहज गावातली माणसं निवडून. ज्यांच्या मेनिस्कसला फाट सापडली त्यांतल्या 61 टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याला ना दुखणं, ना ठणका, ना आखडणं. म्हणजे या वयात फाट असणं हे डोक्यावरचे केस पांढरे होण्यासारखं आहे. फोटोत दिसणारच. पण दुखतंय ते त्याच्यामुळंच, असं त्या फोटोवरनं म्हणता येत नाही. आमच्याकडं मात्र एमआरआयचा कागद म्हणजे कोर्टाचा निकाल, त्यात लिहिलंय म्हणजे तेच कारण.

मित्राला फोन करून म्हटलं, मला अजून कळत नाही, गुडघ्याचं हे असं का? तो म्हणाला, अरे तू बेअरिंगसारखा विचार करतोयस. हाडाच्या टोकावर जो गुळगुळीत कूर्चा असतो त्याला रक्ताच्या नळ्या नाहीत आणि दुखणं कळवणाऱ्या नसा पण नाहीत, त्यामुळं तो घासला म्हणून तो स्वतः ओरडत नाही. दुखतं ते खालच्या हाडाला, सांध्याच्या आतल्या अस्तराला, आजूबाजूच्या पिशवीला, आणि कमजोर झालेल्या मांडीमुळं सगळा भार चुकीचा पडतो त्याला. कूर्च्याला पोटाला कसं मिळतं माहिताय? वजन पडलं की तो स्पंजसारखा दाबला जातो, सोडलं की सांध्यातलं पाणी परत आत ओढून घेतो, त्यातनंच त्याला खायला मिळतं. म्हणून नुसता बसवून ठेवलेला गुडघा उपाशी मरतो.

हे ऐकून मी वर्कशॉपच्या दारात बराच वेळ उभा राहिलो. बेअरिंग वापरलं की झिजतं, एवढंच आम्हाला माहीत. आणि आम्ही घरात काय केलं होतं? आईला दुखायला लागलं तसं तिच्या हातातनं एकेक काम काढून घेतलं. तू बस. भाजी आम्ही आणतो. देवाला मी जाऊन येतो. खाली उतरू नको. गुडघा वाचवायचा म्हणून तिला खुर्चीत बसवलं, आणि वर्षभरात तिची मांडी अशी बारीक झाली की पातळाच्या आतनं पण कळायची. माया म्हणूनच केलं हो सगळं. पण ती मायाच तिच्या पायातली ताकद खात होती.

ऑपरेशन नको असं मी घरात सांगितलं तेव्हा जे झालं ते कुठल्या अभ्यासात येत नाही. पुण्याहून बहीण फोनवर रडली. "दादा, तू पैशाकडं बघालायस का?" काका म्हणाले, डॉक्टर सांगतोय आणि तू मोबाईलवर वाचून ठरवणार? माझ्याकडं उत्तर होतं, आकडे होते, पण आपल्याकडं ऑपरेशन केलं म्हणजे आईसाठी काहीतरी केलं असं होतं. दवाखान्याच्या बाहेर डबा घेऊन बसणं, रात्री जागणं, पाहुणे नारळपाणी घेऊन येणं, त्यात सगळ्यांची माया दिसते. 'आईला व्यायाम करायला सांगितलाय' हे वाक्य चारचौघांत म्हणताना तोंड उघडत नाही, जसं काय तिला वाऱ्यावर सोडलंय. मला वाटतं खूप घरांत ऑपरेशनचा होकार गुडघ्यावरनं ठरत नाही, या लाजेवरनं ठरतो. बहिणीला मी सांगितलं, की 2017 साली डॉक्टर आणि पेशंट एकत्र बसून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक सल्ला दिलाय, झिजलेल्या गुडघ्याला दुर्बिणीचं ऑपरेशन जवळपास कुणालाच करू नका, आणि साधं करू नका नाही, जोर देऊन करू नका. शंभरातल्या पंधरापेक्षा कमी लोकांना तीन महिन्यांच्या आसपास थोडा फायदा दिसतो आणि वर्षाला तो पण उरत नाही. उलट बाजूला पायात रक्ताची गुठळी, जंतू जाणं, असले धोके कमी असले तरी आहेत. शेवटी ती म्हणाली, "तीन महिने बघू. नाही झालं तर मी स्वतः येऊन करून घेणार." ठीक आहे म्हटलं.

ज्या डॉक्टरांनी तारीख दिली होती त्यांना मी जाऊन सांगितलं. ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, व्यायाम लोक करत नाहीत हो, आठवड्यात सोडतात. ते खोटं नव्हतं.

राजारामपुरीत एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आहेत, वय असेल अठ्ठावीस-तीस. पहिल्या दिवशी त्यांनी एमआरआय बघितलाच नाही. आईला म्हणाल्या, "आजी, हात न लावता खुर्चीतनं उठून दाखवा." आईला येईना. परत प्रयत्न केला, अर्ध्यातनं खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मला बघवेना. मॅडमनी तिच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दुखणं गुडघ्यात आहे, काम इथं आहे." मग टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवली, "दाबा खाली, माझा हात चेंगरला पाहिजे, दहा मोजा." आई आकडे मोजत नाही. ती अंबाबाईचं नाव घेते, दहा वेळा, प्रत्येक नावाला एक दाब.

घरी सकाळ-संध्याकाळ हेच. टॉवेल दाबणं, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणं, कठडा धरून अर्धं बसणं-उठणं. पहिले पंधरा दिवस वाईट गेले, दुखणं वाढल्यासारखं झालं, ती दोनदा म्हणाली, "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, करून टाका ते ऑपरेशन." मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं की करताना थोडं दुखेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कमी झालं तर चालतंय, नाही झालं तर मात्रा कमी करायची. त्या एका वाक्यानं आम्हाला तारलं. रात्री ती तक्रार करायची आणि सकाळी मी विचारायचो, कालच्यापेक्षा? ती म्हणायची, तेवढंच. चला, मग आज पण करू.

महिन्यानं मॅडम म्हणाल्या आता पायाला वजन बांधा, अर्धा किलो. दुकानात मिळतात तसले पट्टे, पण मला ते माझ्या हातानं करायचं होतं. बायकोनं माझ्या जुन्या जीन्सची एक नळी कापून पिशवी शिवली, मधे दोन टीप मारल्या म्हणजे सगळं एका बाजूला सरकू नये. ओळखीच्या फाउंड्रीतनं बारीक कोरडी वाळू आणली. वर्कशॉपच्या काट्यावर बरोबर पाचशे ग्रॅम मोजून भरली आणि तोंड शिवलं. संध्याकाळी आईच्या घोट्यावर ती पिशवी बांधताना किती वर्षांनी मी तिचे पाय हातात घेतले होते. टाचेला भेगा, करंगळीवर चपलेचा जुना घट्टा. तिनं पाय वर केला, थरथरला, पण धरला. अंबाबाई, अंबाबाई, अंबाबाई.

वजनाचं पण मॅडमनी सांगितलं, अंगातलं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलोच्या आसपास भार कमी होतो. आईचं साडेतीन किलो उतरलं, त्यासाठी काही वेगळं केलं नाही, दुपारची गोड चहाची तिसरी-चौथी फेरी बंद झाली आणि चालणं वाढलं.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हे वाचून कुणी उगाच दुखणं अंगावर काढू नये. मी सगळ्याच दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल बोलत नाही. शाहू स्टेडियमवर खेळताना पेठेतल्या एखाद्या पोराचा गुडघा फिरला आणि आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली, किंवा तालमीत डाव मारताना गुडघ्यातली गादी फाटून गुडघा अडकूनच बसला, ते प्रकरण वेगळं, तिथं ही दुर्बीण पोरांना परत मैदानात आणते. गुडघा सुजून लाल-गरम झाला, ताप आला, तर घरी बसायचंच नाही. आणि झीज पार शेवटाला गेली, रात्रीची झोप जायला लागली, तर वाट्या बदलायचं ऑपरेशन असतं, ते पण वेगळं, त्याचा फायदा खरा आहे आणि आईला कधी ती वेळ आली तर मी मागं-पुढं बघणार नाही. माझं म्हणणं वयानं झिजलेल्या गुडघ्यात शिरून घासून-धुवून येण्याबद्दल आहे, तेवढंच.

जानेवारीत आत्या राहायला आली. आईला पायाला वाळूची पिशवी बांधून बसलेली बघून तिनं विचारलं हे काय, मग मी सगळं सांगितलं, ह्यूस्टन, फिनलंड, ते टाके. सांगताना मी अडखळलो कारण समोर ती बसली होती. ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग मला बरं वाटल्यालं ते काय खोटं व्हतं व्हय रं?"

मी म्हटलं, नाही आत्या. खोटं नव्हतं. तेव्हा महिनाभर सगळे तुझ्याभोवती होते, सून पाय चेपत होती, पोरगा सुट्टी काढून घरी होता, तुला सांगितलेलं की आता बरं होणार, रोज व्यायाम करून घ्यायला माणूस येत होता. आणि आपण गुडघा सगळ्यात जास्त दुखतो तेव्हाच दवाखान्यात जातो, तो थोडा आपोआप पण उतरतो. तुला बरं वाटलं ते खरंच. फक्त ते त्या भोकातनं आलं नव्हतं.

"आन मग परत का दुखालंय?"

"व्यायामवाला यायचा बंद झाला त्याला किती दिवस झाले?"

तिनं काठी भिंतीला टेकवली आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. आई परवा मंगळवारी जिना सरळ उतरली, एक हात कठड्यावर, एका पायरीवर एक पाय, खालच्या चार पायऱ्यांना अजून थांबते. देवळात महाद्वारातनं आत गेलो, गर्दी नव्हती, एक प्रदक्षिणा झाली आणि दुसरी तिनं स्वतः सुरू केली. बायकोनं जीन्सची दुसरी नळी कापून ठेवलीय. आत्याला अर्ध्या किलोनं सुरुवात करायची नाही, मॅडमनी आधी नुसता टॉवेल सांगितलाय, पण पिशवी आत्ताच शिवून ठेव म्हणून ती मागं लागलीय, म्हणून आज येताना वाळू घेऊन आलो.